लूत एकट्या कुत्र्याची नसते

पावसाळा ओसरू लागला, की शहरांतील पशुवैद्यकांच्या दवाखान्यांत अंग खाजवणाऱ्या कुत्र्यांची संख्या वाढते. दमट हवा, नीट न वाळलेले केस, पिसवा आणि गोचिडांचा सुळसुळाट ही त्याची नेहमीची कारणे. यातील बहुतेक तक्रारी त्या त्या प्राण्यापुरत्या मर्यादित असतात. ॲलर्जीने बेजार झालेला लॅब्रेडॉर कितीही खाजवत असला, तरी त्याची ॲलर्जी शेजारच्या पामेरियनला जडत नाही. मात्र या गर्दीतच काही कुत्री अशी असतात, ज्यांचा आजार त्यांच्याबरोबर लिफ्टमधून खाली उतरतो, बागेत फिरतो, केस कापण्याच्या सलूनमध्ये जातो आणि कधी कधी मालकाच्या अंथरुणातही शिरतो. खरूज आणि गजकर्ण हे त्यातील दोन प्रमुख आजार.

गेल्या दहा-बारा वर्षांत खरजेवरील औषधे इतकी सुधारली आहेत, की उपचार हा आता अवघड भाग राहिलेला नाही. अवघड आहे ते प्रसार रोखणे, आणि ते काम सोसायटीच्या बैठकीत आणि फाटकाबाहेरच्या पदपथावर येऊन अडते. कुत्र्याला संसर्गजन्य त्वचारोग झाल्याचे कळताच 'कुत्रा हलवा' अशी मागणी होते. ती होणार हे ठाऊक असल्याने मालक आजार लपवतात. दुपारच्या निवांत वेळी, कोणी पाहत नाही असे बघून कुत्रा खाली नेला जातो. लपवलेल्या आजाराची माहिती शेजाऱ्यांना मिळत नाही आणि त्यांची कुत्री तपासली जात नाहीत. संसर्गाला यापेक्षा सोयीची परिस्थिती शोधून सापडणार नाही.

एका शब्दाखाली तीन आजार

कुत्र्याचे केस झडून कातडी उघडी पडली, की 'लूत लागली' असे म्हणण्याची मराठीत रीत आहे. घोटाळ्याची सुरुवात येथूनच होते. या एका शब्दाखाली निदान तीन वेगवेगळे आजार येतात आणि प्रसाराच्या दृष्टीने त्यांचे स्वभाव परस्परांहून अगदी भिन्न आहेत.

पहिला आजार म्हणजे खरी खरूज. सार्कोप्टिस स्केबिआय या आठ पायांच्या सूक्ष्म माइटमुळे ती होते. मादी माइटची लांबी मिलिमीटरच्या जेमतेम एक-तृतीयांश असते. ती कातडीच्या वरच्या थरात बोगदा खणते आणि त्यात अंडी घालते. अंड्यापासून पूर्ण वाढ झालेल्या माइटपर्यंतचे चक्र सुमारे तीन आठवड्यांत पूर्ण होते. कानांच्या कडा, कोपरे, मागच्या पायांचे घोटे आणि पोट या विरळ केसांच्या जागा आधी ग्रासल्या जातात. खाज इतकी तीव्र असते, की कुत्रा खाणे-झोपणे सोडून स्वतःला ओरबाडत राहतो. ही खाज प्रामुख्याने माइटविरुद्ध शरीराने दिलेल्या ॲलर्जीसदृश प्रतिसादामुळे उद्भवते. त्यामुळे पहिल्या लागणीत ती सुरू व्हायला काही आठवडे लागू शकतात. याचा व्यावहारिक अर्थ गंभीर आहे. कुत्रा खाजवू लागलेला मालकाच्या लक्षात येईपर्यंत तो अनेक दिवस इतर कुत्र्यांत मिसळलेला असतो.

दुसरा आजार डेमोडेक्स या माइटचा. हे माइट जवळजवळ प्रत्येक कुत्र्याच्या केसांच्या मुळाशी अल्प संख्येने असतात. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत दूध पिताना ते आईकडून पिलाकडे येतात. प्रतिकारशक्ती कमकुवत झाली, की त्यांची संख्या बेसुमार वाढते, केस झडतात, कातडी जाड होते आणि पुढे जिवाणूंचा संसर्ग होऊन दुर्गंधी येते. दिसायला हा आजार खरजेपेक्षाही भयंकर असू शकतो. पण तो शेजारच्या निरोगी कुत्र्याला लागत नाही आणि माणसालाही होत नाही. पिलांच्या अंगावर एक-दोन ठिकाणी उठलेले चट्टे तर पुष्कळदा आपोआप बरे होतात. सोसायटीतून हाकलण्याचा आग्रह धरला जातो तो कित्येकदा अशाच कुत्र्याबाबत, कारण ते अधिक ओंगळ दिसते. याउलट कानाच्या कडेला थोडासा कोंडा असलेला, बाकी देखणा कुत्रा मात्र मुलांच्या घोळक्यात वावरत असतो.

तिसरा आजार गजकर्ण. ही बुरशीची लागण. मायक्रोस्पोरम कॅनिस ही तिची नेहमी आढळणारी जात. तिचे नाव कुत्र्यावरून पडले असले, तरी मुख्य आश्रयस्थान मांजर आहे. लांब केसांच्या मांजरांच्या अंगावर कोणतेही चिन्ह न दिसता ही बुरशी राहू शकते. घरात कुत्रा आणि मांजर दोन्ही असतील आणि कुत्र्याचे गजकर्ण वारंवार उलटत असेल, तर मांजराची तपासणी व्हायला हवी. प्रत्यक्षात ती शेवटी होते किंवा होतच नाही. गजकर्णाचे बीजाणू झडलेल्या केसांवर आणि धुळीत कित्येक महिने तग धरतात. खरजेचा माइट तसा नाजूक आहे. कुत्र्याच्या अंगाबाहेर, घरातील नेहमीच्या तापमानात तो काही दिवसांतच मरतो, थंड आणि दमट जागी थोडा अधिक टिकतो. म्हणून खरजेत भर द्यायचा तो कुत्र्यांवर आणि गजकर्णात कुत्र्यांइतकाच घराच्या साफसफाईवर.

निर्दोष अहवालाचा धोका

खरजेच्या निदानासाठी कातडी खरवडून तो नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. डेमोडेक्स या तपासणीत सहज सापडतो. खरजेचे माइट मात्र संख्येने थोडे असतात आणि लागण असलेल्या अनेक कुत्र्यांत एकही सापडत नाही. त्यामुळे अहवालात 'माइट आढळले नाहीत' असे असले, तरी खरूज नाही असे म्हणता येत नाही. अनुभवी पशुवैद्यक कानाची पाळी बोटांत धरून चोळून पाहतात. कुत्र्याचा मागचा पाय आपोआप खाजवण्याच्या हालचाली करू लागला, तर संशय बळावतो. घरातील माणसांच्या अंगावर पुरळ आहे का, हेही ते विचारतात. लक्षणे जुळत असतील, तर नमुना कोरा येऊनही खरजेचे औषध देऊन पाहणे ही सर्वमान्य पद्धत आहे. मालकांना हे पटवणे कठीण जाते. तपासणीसाठी पैसे मोजले, अहवाल निर्दोष आला, मग औषध कशासाठी, असा त्यांचा प्रश्न असतो.

गजकर्णाबाबत वेगळी अडचण आहे. वूड्स लॅम्प या अतिनील प्रकाशाच्या दिव्याखाली मायक्रोस्पोरम कॅनिसने ग्रासलेले केस पोपटी चमकतात, पण सर्वच वेळा नाही, आणि बुरशीच्या इतर जाती तर चमकत नाहीतच. खात्रीसाठी केसांवरील बुरशी प्रयोगशाळेत वाढवून पाहावी लागते आणि त्यात दोन-तीन आठवडे जाऊ शकतात. तोपर्यंत कुत्र्याला इतरांपासून वेगळे ठेवायचे, की अहवालाची वाट पाहत पूर्वीसारखेच हिंडू द्यायचे, हा निर्णय सर्वस्वी मालकाच्या सद्सद्विवेकावर सोडलेला असतो.

या काळात घडणारी सर्वांत हानिकारक गोष्ट म्हणजे स्टेरॉइड. खाज थांबवण्यासाठी दिलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने किंवा गोळ्यांनी दोन दिवसांत आराम पडल्यासारखे वाटते. ॲलर्जीत त्याचा उपयोगही आहे. पण आजार खरूज, डेमोडेक्स किंवा गजकर्ण असेल, तर रोगप्रतिकाराला लगाम बसतो आणि माइट किंवा बुरशीला मोकळे रान मिळते. बरा झालेला दिसणारा कुत्रा पुन्हा बागेत जाऊ लागतो आणि काही आठवड्यांनी आजार दुप्पट जोराने उलटतो. अनेक घरांत याला पशुवैद्यकाचीही गरज पडत नाही, कारण कपाटात माणसांसाठी आणलेले स्टेरॉइड आणि बुरशीनाशक यांच्या मिश्रणाचे मलम तयार असते. या मलमांच्या बेबंद वापराने माणसांमधील गजकर्णाची काय दशा झाली आहे, हे भारतीय त्वचारोगतज्ज्ञ पुरेपूर जाणतात. टर्बिनाफिन या प्रमुख औषधाला न जुमानणाऱ्या बुरशीच्या एका जातीला २०२० मध्ये 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' असे नाव मिळाले, त्यात भारताचाच उल्लेख आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइडयुक्त मलमांना चिठ्ठीविना विक्रीची असलेली सवलत काढून घेतली. तरीही ती काउंटरवर सहज मिळतात. माणसांवरच्या चुकीच्या उपचाराचा कित्ता कुत्र्यांवर गिरवण्यात काही शहाणपण नाही.

जळक्या तेलापासून एका गोळीपर्यंत

खरजेवरील उपचारांचा इतिहास फारसा सुखद नाही. करंजेल, गंधक, कडुलिंबाचा पाला हे घरगुती उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. त्यातील गंधकाला खरोखर औषधी आधार आहे आणि चुना-गंधकाचे द्रावण आजही गजकर्णावर वापरले जाते. पण गॅरेजमधील जळके इंजिन ऑइल कुत्र्याच्या अंगाला फासण्याचा जो प्रकार अजून अनेक वस्त्यांत चालतो, तो क्रूर आहे. त्या तेलातील विषारी घटक कातडीतून शोषले जातात, आणि कुत्रा अंग चाटत असल्याने पोटातही जातात. रस्त्यावरील कुत्र्याचे भले करण्याच्या हेतूनेच हे केले जाते, हे त्यातील दुर्दैव.

त्यानंतर अमिट्राझच्या द्रावणाने आंघोळ आणि मग आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन आले. आयव्हरमेक्टिनच्या शोधासाठी विल्यम कॅम्पबेल आणि सातोशी ओमुरा यांना २०१५ मध्ये वैद्यकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, मे २०२१ मध्ये, गोवा सरकारने सर्व प्रौढांना हे औषध देण्याची घोषणा केली आणि त्याचे नाव घरोघरी पोहोचले. स्वस्त आणि गुणकारी असल्याने गुरांसाठीचे हेच इंजेक्शन कुत्र्यांनाही सर्रास टोचले जाते. मात्र कोली, शेटलंड शीपडॉग, ऑस्ट्रेलियन शेफर्ड अशा काही जातींच्या अनेक कुत्र्यांत एका जनुकाच्या बिघाडामुळे हे औषध मेंदूत शिरते. त्यातून झोके जाणे, झटके, बेशुद्धी आणि मृत्यूही ओढवू शकतो. या बिघाडाचा उलगडा २००१ मध्ये झाला. गुरांच्या मात्रेचे औषध लहान कुत्र्याला अंदाजाने देणे हे कोणत्याही जातीत धोक्याचेच आहे.

आयसोक्साझोलिन गटातील फ्लुरालॅनर, अफॉक्सोलॅनर आणि सॅरोलॅनर या औषधांनी हे चित्र पालटले. मुळात पिसवा आणि गोचिडांसाठी आलेल्या या गोळ्या माइटवरही अत्यंत परिणामकारक ठरल्या. औषध पोटातून रक्तात आणि तेथून कातडीत पोहोचते. बहुतेक गोळ्यांचा परिणाम महिनाभर टिकतो, फ्लुरालॅनरचा सुमारे तीन महिने. उपचार अर्ध्यावर सोडण्याचा प्रश्न त्यामुळे बराच कमी झाला. झटक्यांचा पूर्वेतिहास असलेल्या कुत्र्यांत त्या जपून वापराव्यात, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दिला आहे. म्हणून त्या पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्याव्या लागतात. शिवाय त्या स्वस्त नाहीत, आणि येथेच नियंत्रणाचा मुद्दा सुरू होतो. घरातील एका कुत्र्याला खरूज झाली, तर त्याच्या संपर्कातील प्रत्येक कुत्र्याला, लक्षणे असोत वा नसोत, एकाच वेळी औषध द्यावे लागते. घरात दोन कुत्री असतील, तर मालक कुरकुरत का होईना ते करतो. पण रोज संध्याकाळी ज्या सहा कुत्र्यांबरोबर ते खेळते, त्यांचे मालक वेगळे असतात आणि फाटकावरच्या तिघांना मालकच नसतो.

माणसांबाबत थोडा दिलासा आहे. कुत्र्याच्या खरजेचा माइट माणसाच्या कातडीत शिरून खाज उठवतो, पण तेथे आपला वंश फार काळ चालवू शकत नाही. कुत्र्याला कुशीत घेतो तेथे, म्हणजे हात, पोट, मांड्या यांवर पुरळ उठते आणि कुत्रा बरा झाला, की काही आठवड्यांत ते ओसरते. बोटांच्या बेचक्यांत, रात्री वाढणारी खाज असेल, तर ती माणसांची स्वतःची खरूज असण्याची शक्यता अधिक. तिचा दोष कुत्र्याला देण्यात अर्थ नाही. गजकर्ण मात्र माणसात व्यवस्थित रुजते, विशेषतः लहान मुलांच्या टाळूवर. अशा वेळी पशुवैद्यक आणि त्वचारोगतज्ज्ञ या दोघांना एकमेकांचा रुग्ण ठाऊक असणे आवश्यक असते. आपल्याकडे मुलाच्या डॉक्टरला घरात कुत्रा किंवा मांजर आहे हे सांगितले जातेच असे नाही आणि ते विचारण्याइतका वेळ प्रत्येक डॉक्टरकडे असतो असेही नाही.

घराची स्वच्छता हा कंटाळवाणा पण अटळ भाग. अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवणे, पट्टा, साखळी आणि कंगवा वेगळा ठेवणे, गजकर्णात झडलेले केस रोज काढून मग पातळ केलेल्या ब्लीचने फरशी पुसणे, एवढे तरी हवेच. ब्लीच फरशीसाठी आहे, कुत्र्याच्या अंगासाठी नाही, हेही सांगावे लागते. श्वानांची सलून आणि मालक गावाला गेल्यावर कुत्री ठेवण्याची वसतिगृहे हा व्यवसाय शहरांत झपाट्याने वाढला. तेथे प्रवेशावेळी लसीकरणाचे कार्ड मागितले जाते, पण कुत्र्याच्या कानाच्या कडा क्वचितच पाहिल्या जातात.

फाटकाबाहेरची कुत्री

मुंबई महापालिकेच्या २०१४ मधील गणनेत शहरात सुमारे ९५ हजार आणि २०२४ मधील सर्वेक्षणात सुमारे ९० हजार भटकी कुत्री आढळली. त्यांच्याविषयीची सरकारी यंत्रणा दोन कामांभोवती उभी आहे, निर्बीजीकरण आणि रेबीजची लस. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांचा रोख तोच आहे आणि रेबीजची भीषणता पाहता तो चुकीचा म्हणता येणार नाही. पण शस्त्रक्रियेसाठी पकडलेले कुत्रे काही दिवस केंद्रात असते, हाताळता येते, त्याचे वजनही होते. खरजेच्या औषधाची एक मात्रा देण्यासाठी यापेक्षा चांगली संधी पुन्हा येत नाही. काही स्वयंसेवी संस्था पदरमोड करून ती देतात. पालिकांनी ती प्रत्येक कुत्र्यासाठी ठरवून दिली, तर खर्चात थोडी भर पडेल हे खरे. पण खरजेवर लस नाही आणि रस्त्यावरील साखळी तोडण्याचा दुसरा मार्गही नाही.

या प्रश्नाला २०२५ मध्ये नवे वळण मिळाले. दिल्ली परिसरातील सर्व भटकी कुत्री उचलून निवारा केंद्रांत ठेवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट रोजी दिला. २२ ऑगस्ट रोजी तो सुधारून निर्बीजीकरण, जंतनाशक औषध आणि लसीकरणानंतर कुत्री मूळ जागी सोडण्याची मुभा देण्यात आली, रेबीजग्रस्त आणि आक्रमक कुत्री वगळून. पुढे ७ नोव्हेंबर रोजी शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बस आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारातील कुत्री हटवून निवारा केंद्रांत ठेवण्याचे आणि पुन्हा तेथे न सोडण्याचे निर्देश देशभरासाठी दिले गेले. माणसांच्या सुरक्षेच्या बाजूने या आदेशांचे समर्थन करणारे आहेत आणि प्राण्यांच्या बाजूने विरोध करणारेही. या वादात एक साधी बाब मागे पडली. वेगवेगळ्या गल्ल्यांतील कुत्री एका छताखाली दाटीने आणली, की खरूज सर्वांत आधी पसरते. दाटीचा परिणाम काय होतो, हे इंग्लंडमधील ब्रिस्टल शहराने पाहिले आहे. तेथे रस्त्यांवर वावरणाऱ्या कोल्ह्यांची संख्या एरवीही दाट होती. १९९४ मध्ये त्यांच्यात खरूज शिरली आणि दोनच वर्षांत ९५ टक्क्यांहून अधिक कोल्हे नाहीसे झाले. कुत्र्यांना माणूस औषध देऊ शकतो, कोल्ह्यांना ते कोणी दिले नाही, हा फरक मोठा आहे. परंतु निवारा केंद्रात दाखल होणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला पहिल्याच दिवशी माइटचे औषध आणि काही दिवस विलग जागा मिळाली, तरच त्या फरकाला अर्थ राहतो.

गृहनिर्माण संस्थांची भूमिकाही तपासायला हवी. पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्ट वापरण्यास मज्जाव करता येत नाही, हे भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले आहे. त्याच सूचनांत प्राण्याला निरोगी आणि स्वच्छ ठेवण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे. २०२३ च्या नियमांनी आवारातील भटक्या कुत्र्यांना खाऊ घालण्याची व्यवस्था करण्याचे काम रहिवासी संघटनांकडे दिले. म्हणजे खाणे घालणारे हात आहेत आणि कुत्री त्यांच्यावर विश्वासही ठेवतात. खाण्यात गोळी मिसळून देण्याचे काम पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली हेच हात करू शकतात. इमारतीतील पाळीव कुत्र्यांच्या मालकांनी मिळून फाटकावरच्या तीन-चार कुत्र्यांच्या औषधाचा खर्च उचलला, तर तो त्यांच्या स्वतःच्या कुत्र्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या उपचारापेक्षा कमीच भरेल. यासाठी सोसायटीने मालकाकडून काय मागावे? पशुवैद्यकाचे निदान, उपचार सुरू झाल्याचे पत्र आणि बरे होईपर्यंत कुत्रा इतरांत न मिसळण्याची हमी. कुत्र्याला घराबाहेर काढण्याची मागणी यात कोठेही बसत नाही.

तशी मागणी झाली, की काय होते तेही दिसत असते. लांब केसांची, एकेकाळी महागड्या किमतीला घेतलेली, आता कातडी उघडी पडलेली कुत्री महामार्गालगत किंवा दूरच्या वसाहतीत सोडून दिली जातात. तेथे ती स्थानिक कुत्र्यांत मिसळतात आणि आजार नव्या वस्तीत पोहोचतो. उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला विनाकारण सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यासाठी त्या कलमात सांगितलेला दंड किमान १० आणि कमाल ५० रुपये आहे.